टेंडन शिवलं, पण पायाला चादर सोसेना: नसदुखीची एक केस

ही केस माझीच आहे. वय ४७, साताऱ्यात राहते, प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग घेते. डायबेटिस नाही, बीपी नाही, वजन थोडं जास्त. रोज सकाळी अजिंक्यतारा चढायची सवय, दहाएक वर्षं तरी झाली असतील. लिहायचं कारण एवढंच की घोट्याच्या ऑपरेशनचं सगळे सांगतात, टाके कधी निघणार, घोटा धरून ठेवणारा बूट कधी, पाय कधी टेकवायचा, पण नंतर पायात जो करंट बसायला लागतो त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही आणि मी थेट पाचव्या आठवड्यापर्यंत तो "ऑपरेशनचंच दुखणं" समजून दात खाऊन सोसत बसले. पुढे औषधांची नावं येतील, ती माझ्या डॉक्टरांनी मला दिलेली आहेत, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी बाई आहे खरी, पण शाळेतली.

उजवा पाय. तीनदा जबर मुरगळला होता, एकदा गड उतरताना, एकदा शाळेच्या पायरीवर आणि एकदा भाचीच्या लग्नात नवीन चपलेवरून. दरवेळी तेच, आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, आठ दिवसांत परत गड. मग गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून बाहेरच्या घोट्याच्या मागे सूज दिसायला लागली, बोटाएवढी लांबुडकी, आणि उतारावर चालताना आत काहीतरी 'कट' करून सरकल्यासारखं व्हायचं. एक्स-रे स्वच्छ निघाला म्हणून मी खूश झाले, पण एक्स-रेत हाड दिसतं, टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, दिसत नाही, हे तेव्हा कळलं. एमआरआयमध्ये आलं की पेरोनियस ब्रेव्हिस नावाचं टेंडन उभं फाटलंय. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागून दोन टेंडन्स खाली येतात, एकाला एक चिकटून, विहिरीच्या रहाटावरून दोर वळावा तशी हाडाला वळसा घालून पुढे पावलाकडे जातात आणि पाऊल आत मुडपू देत नाहीत. ब्रेव्हिस हाडाला लागून असतं म्हणून ते हाड आणि दुसरं टेंडन यांच्यात चेपलं जातं आणि घासून उभी चीर पडते. माझं निम्म्याहून कमी खराब होतं, म्हणून डॉक्टर म्हणाले विरलेला भाग काढू आणि उरलेलं गुंडाळून नळीसारखं शिवून टाकू. जास्त गेलं असतं तर शेजारच्या टेंडनला बांधावं लागलं असतं.

तारीख मी ९ मे घेतली. हिशोब सरळ होता, मेची सुट्टी, सहा आठवडे, शाळा उघडेपर्यंत मी उभी. शिक्षकांना कॅलेंडरचा फार विश्वास असतो.

आता खरी गोष्ट. त्या टेंडन्सच्या अगदी शेजारून सुरल नर्व्ह नावाची नस जाते. पोटरीच्या मागून खाली येते, टाचेच्या दोराच्या बाजूने, मग बाहेरच्या घोट्याच्या मागून वळून पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत. हिचं काम फक्त स्पर्श कळवायचं, ती कुठला स्नायू हलवत नाही. ऑपरेशनचा काप जिथे जातो तिथेच ही असते. ती कापलीच गेली पाहिजे असं नाही, बाजूला धरून ठेवताना ताणली जाते, सुजेने दबते, नंतर जखमेच्या वणात अडकते, एवढंही पुरतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले होते की बाहेरच्या कडेला थोडं बधिर वाटू शकतं. मी मान डोलावली. फॉर्मवरही लिहिलेलं होतं, मी सही केली, वाचलं नाही. मुलांना उत्तरपत्रिका देताना "प्रश्न नीट वाचा रे" म्हणणारी मी.

पहिल्या आठवड्यात ठणका होता, भरपूर, पण तो समजण्यातला होता. पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवला की कमी व्हायचा, खाली सोडला की ठणाठण, गोळी घेतली की तीन-चार तास गप्प. दहाव्या रात्री पहिल्यांदा सणक आली. झोपेत होते, करंगळीपासून घोट्यापर्यंत कुणीतरी उघडी वायर लावावी तसं, एक सेकंद, मग काहीच नाही, मग परत. पाय प्लास्टरच्या स्लॅबमध्ये, हलवलेलासुद्धा नाही. मला वाटलं टाका तुटला.

चौदाव्या दिवशी टाके काढायला गेलो. हा प्रसंग मी नीट सांगते कारण सगळी केस ह्याच्यात आहे. स्लॅब निघाला, जखम कोरडी, छान. कंपाउंडरने स्पिरिटचा कापसाचा बोळा नुसता पावलाच्या बाहेरच्या कडेवरून फिरवला आणि मी किंचाळले. बाहेर बसलेले हे आत आले. मग त्याने कात्रीने एकेक टाका कापून ओढून काढला आणि मला मुंगी चावल्याएवढंही वाटलं नाही, दोन ठिकाणी तर कळलंच नाही. कापूस लागतोय आणि कात्री लागत नाही! हे उलटंपालटं आहे हे तिथे असलेल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. डॉक्टरांनी विचारलं दुखतंय का, मी म्हटलं हो खूप दुखतंय, त्यांनी जखम बघितली, बोटं हलवून बघितली, पोटरी दाबून बघितली आणि म्हणाले सगळं व्यवस्थित भरतंय, पेनकिलर अजून पाच दिवस घ्या. ते खोटं बोलले नाहीत, टेंडन व्यवस्थितच भरत होतं. मी पण खोटं बोलले नाही. पण "दुखतंय" ह्या एका शब्दात मी दोन वेगळी दुखणी कोंबली आणि त्यांनी त्यातलं आपल्या ओळखीचं उचललं.

मराठीत ह्याची अजून एक गंमत आहे. आपल्याकडे शीर म्हणजे सगळंच. रक्ताची पण शीर, नर्व्ह पण शीर, टेंडनही शीरच. त्यामुळे घरी सगळ्यांनी धरून ठेवलेलं की हिची शीर शिवलीय, ती भरत आली की करंट जाईल. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, शीर अजून लागली नाही का गं?" आता शिवलेली चीज वेगळी आणि ओरडणारी चीज वेगळी, हे मलाच माहीत नव्हतं तर त्यांना काय सांगणार.

मधले तीन आठवडे, म्हणजे बूट घातल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, वाईट गेले. दिवसा बरं असायचं, कामात, फोनवर, लेकीशी बोलताना विसरायला व्हायचं. रात्री झोपताना बूट काढला की सुरू. भगभग, मिरची लागल्यासारखी, तीसुद्धा एका अरुंद पट्ट्यात, घोट्यापासून करंगळीपर्यंत आणि शेजारच्या चौथ्या बोटाची अर्धी बाजू. पंख्याचा वारा लागला तरी. चादर तर पायावर घेताच यायची नाही आणि चादरीशिवाय मला झोप येत नाही. ह्यावर तोडगा ह्यांनी काढला, मेमध्ये आलेली हापूसची लाकडी पेटी होती, तिच्या एका बाजूच्या फळ्या काढल्या, खिळे ठोकून ठेवले आणि पाय त्या पेटीच्या आत ठेवून वरून चादर. तंबू. पहिल्या रात्री चार तास सलग झोपले. हॉस्पिटलात ह्यासाठी लोखंडी पिंजरा मिळतो म्हणे, पण माझ्या पायाला दोन महिने आंब्याचा वास होता त्याची तक्रार नाही.

चूकही ह्याच दिवसांत झाली. सासूबाईंच्या सांगण्यावरून गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेतला. त्या पट्ट्यात हलका स्पर्श सोसत नव्हता पण गरम कळत नव्हतं, हे विचित्र वाटेल पण तसं असतं, नस अर्धी झोपलेली अर्धी चवताळलेली. पिशवी किती वेळ ठेवली कळलं नाही, चामडी लालभडक, दुसऱ्या दिवशी फोड. जखमेपासून दोन बोटं लांब होता म्हणून वाचले. बधिर पायाला शेक आणि बर्फ दोन्ही आधी हाताला लावून बघायचं आणि घड्याळ लावूनच घ्यायचं, शक्यतो नकोच.

मग पाचव्या आठवड्यात फिजिओ सुरू झाली. मुलगी माझ्या लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने पहिलं काय विचारलं तर "किती दुखतं" नाही, "कसं दुखतं". आणि माझी ट्यूब पेटली, कारण ह्याला आपल्याकडे शब्दांची काय कमी आहे? मी म्हटलं ठणका आता नाही, ठसठस संध्याकाळी थोडी, पण भगभगतं, सणक मारते, झिणझिण्या येतात, मुंग्या चालतात, मधेच खाज येते आणि खाजवायला गेलं तर तिथे बधिर. ती लिहीत होती. मग तिने कापसाने, टाचणीच्या टोकाने आणि एका ब्रशने दोन्ही पाय तपासले. दहा गोष्टींची एक यादी असते, डीएन-४ म्हणतात, सात विचारायच्या आणि तीन तपासायच्या, चार किंवा जास्त आल्या तर दुखणं नसेचं असण्याची दाट शक्यता. माझ्या सात आल्या. पाच आठवडे मी डॉक्टरांना, घरच्यांना, फोन करणाऱ्या प्रत्येकाला "दुखतंय" एवढंच सांगत होते, आणि हे सगळे शब्द माझ्या तोंडात होतेच की. ठणका आणि ठसठस जखमेची, सुजेची. भगभग, सणक, झिणझिण्या, मुंग्या नसेच्या. अगदी शंभर टक्के काटेकोर नाही, पण डॉक्टरला अर्धं काम करून मिळतं.

मग ती घोट्याच्या मागे जखमेच्या कडेने बोटाने हलके टिचक्या मारत खाली आली. एका जागी टिचकी मारली आणि करंट थेट करंगळीत. "हा तुमचा पत्ता," म्हणाली. ह्याला टिनेलची खूण म्हणतात, १९१५ मध्ये टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवलेली, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवरून. तिने माझ्याकडे पेन मागितलं. पर्समध्ये माझं लाल पेन, पेपर तपासायचं. त्या पेनने तिने त्या जागी ठिपका काढला आणि सांगितलं दर रविवारी टिचकी मारून बघा, करंट जिथून निघतो ती जागा पुढे सरकतेय का. नस आतून दुखावली असेल तर परत वाढताना साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, महिन्याला तीन सेंटिमीटर. घरी येऊन शिलाईची टेप लावली, ठिपक्यापासून करंगळीच्या टोकापर्यंत १६ सेंटिमीटर. म्हणजे पाच-साडेपाच महिने. मी रडले, खोटं कशाला सांगू. पण ते रडणं बरं होतं, कारण आत्तापर्यंत रोज वाटायचं की सहा आठवडे होत आले आणि अजून दुखतंय म्हणजे ऑपरेशन बिघडलं. ते सहा आठवडे टेंडनचे होते. नसेचं कॅलेंडर वेगळं होतं आणि ते मला कुणी दिलंच नव्हतं.

तिने चिठ्ठी देऊन मला परत डॉक्टरांकडे पाठवलं. ह्यावेळी मी कागदावर लिहून नेलं, कुठे, कसं, कधी, कशाने वाढतं. दहा मिनिटं जास्त मिळाली. डॉक्टरांनी आधी एक मोठी शंका काढून टाकली, सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. ह्यात दुखणं एका नसेच्या पट्ट्यापुरतं न राहता सगळं पाऊल व्यापतं, रंग बदलतो, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार लागतो, घाम वेगळा येतो, सूज हटत नाही, नखं-केस वेगळे वाढायला लागतात, सांधा आखडतो. असं काही दिसलं तर थांबायचं नाही, लवकर धरलं तर फायदा असतो. माझं तसं नव्हतं, पट्टा तोच, हद्द ठरलेली. मग रक्त, साखर आणि थायरॉइड ठीक, बी-१२ मात्र १४८, लॅबच्या रिपोर्टवर खालची हद्द २०० च्या आसपास. आम्ही पक्के शाकाहारी, दूध मला आवडत नाही. इंजेक्शनं सुरू झाली. इथे एक सांगते, बी-१२ च्या गोळ्या आपल्याकडे नसेच्या नावाने कुणालाही देतात, पण ते कमी असेल तर भरून काढायचं असतं, वणात अडकलेली नस त्याने सुटत नाही. माझ्यात कमी होतं म्हणून गरज होती.

आणि रात्री प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅमची गोळी. साध्या पेनकिलरचा ह्या दुखण्यावर फार उपयोग होत नाही, म्हणूनच मे महिन्यात मी गोळ्या खाऊन फक्त ॲसिडिटी कमावली. प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलीन कमी डोसमध्ये, ह्या मुळात फिट्सच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या, नसेचा आरडाओरडा कमी करायला वापरतात. मेडिकलवाल्याने पाकीट देताना मला असं बघितलं की वेडबिड लागलंय की काय. गुण आला, चौथ्या रात्री सणका निम्म्याने कमी. पण पाचव्या पहाटे बाथरूमला जायला उठले, वॉकर हातात, डोकं गरगरलं आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर तोल गेला. भिंतीला हात लागला म्हणून, नाहीतर शिवलेलं टेंडन आणि कंबर दोन्ही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस कमी केला आणि गोळी झोपताना नाही, संध्याकाळी सातला घ्या म्हणाले, म्हणजे पहाटे अंमल उतरलेला असेल. ह्यांनी उंबऱ्याजवळ झिरोचा बल्ब लावला. स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाही, हळूहळू उतरवत आणायची असते.

त्याच गोळीने अजून एक घोळ घातला. तीन आठवड्यांनी पाय सुजला आणि माझ्या पोटात गोळा, पोटरीत रक्ताची गाठ झाली की काय, कारण ऑपरेशननंतर ती भीती खरीच असते, एका पोटरीत दुखणं, सूज, गरम लागणं, दम लागणं, असं झालं तर त्याच दिवशी गाठायचं. पण लेकीने बघितलं, "आई, डावा पण सुजलाय." दोन्ही घोटे सारखे. डावीकडे कुणी ऑपरेशन केलं नव्हतं. प्रीगाबालिनने दोन्ही पावलांवर सूज येऊ शकते. खात्रीसाठी डॉक्टरांना दाखवून घेतलं, तेच निघालं.

आता फिजिओतला पेच. अशा अडकलेल्या नसेला मोकळं करायला ती आवरणातून मागे-पुढे सरकवायचे व्यायाम असतात. सुरल नर्व्हसाठी पाय सरळ, पाऊल वर आणि आत वळवायचं. पण पाऊल आत वळवणं हेच शिवलेल्या टेंडनला वर्ज्य! तीच तर हालचाल रोखायचं त्याचं काम, आणि तोच ताण टाक्यावर येतो. एकाला हवं ते दुसऱ्याला विष. ह्या मुलीने घोटा बुटात सरळच ठेवला आणि नस वरून हलवली, खुर्चीत बसून गुडघा हळू सरळ करायचा, परत वाकवायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा, ओढ जाणवली पाहिजे पण मुंग्या नाहीत, मुंग्या आल्या म्हणजे जास्त झालं. नस वरून खालपर्यंत एकच दोरी असल्याने गुडघ्यावरून पण थोडी सरकते. पाऊल आत वळवायला तिने दहाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांना विचारूनच, सुरुवात केली, आणि तीही बोटभर. व्हिडिओ बघून घरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, व्हिडिओवाल्याला तुमचं टेंडन कधी शिवलं ते माहीत नसतं.

स्पर्शाची सवय लावणं हा भाग मला सगळ्यात आवडला कारण तो वर्गात शिकवण्यासारखा आहे, सोप्याकडून अवघडाकडे. चवताळलेल्या नसेला रोज थोडा थोडा निरुपद्रवी स्पर्श द्यायचा म्हणजे मेंदूला कळत जातं की ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. दिवसातून पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. फिजिओने कापूस, टॉवेल, वेलक्रो असं सांगितलं होतं, मी घरातलं कपाट उघडलं. पैठणीचा पदर सगळ्यात मऊ, त्याने सुरुवात. पहिल्या दिवशी पैठणीसुद्धा घासकाथ्यासारखी लागली. आधी डाव्या पायावर फिरवायचा, डोळे मिटून, कसा लागतो ते लक्षात ठेवायचं, मग उजव्यावर. मग जुनी सुती साडी, मग टर्किश टॉवेल, मग सोलापुरी चादर. परातीत मूग ओतून त्यात पाय, मग तांदूळ, मग ज्वारी. शेवटची पायरी मीच ठरवली, सासऱ्यांचं घोंगडं. ट्रंकेत होतं, डांबरगोळ्यांच्या वासाचं, धनगराकडून घेतलेलं, ते धडधाकट माणसालाही टोचतं. जूनच्या शेवटी मी घोंगड्याकडे नुसती बघायचे.

व्रण पूर्ण भरल्यावर सहाव्या आठवड्यानंतर खोबरेल तेलाने त्यावर बोट दाबून गोल मालिश, कातडी खालच्या थराला चिकटू नये म्हणून. पहिले आठ दिवस हात धजेना. मग लेक म्हणाली मी करते, तर तिचा हात लागला की जास्त करंट आणि माझाच लागला की कमी. दुसऱ्याच्या स्पर्शाचा अंदाज येत नाही ना.

ठिपक्याचं सांगायचं राहिलं. जूनचे दोन रविवार ठिपका तिथेच. जुलैच्या पहिल्या रविवारी अर्धा बोट खाली. मग तीन आठवडे ढिम्म, मला वाटलं थांबला. डॉक्टर म्हणाले होते तीन-चार महिने एकाच जागी अडकून राहिला आणि दुखणं तसंच राहिलं तर तिथे नसेची गाठ झालीय का ते सोनोग्राफीत बघू, बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघू, पुढचं पुढे. तेव्हा हेही म्हणाले की हीच सुरल नर्व्ह दुसरीकडची नस जोडायला तुकडा म्हणून काढून वापरतात, माणसं कडेच्या बधिरपणासकट मजेत चालतात. तो डॉक्टरी दिलासा होता, पण मला लागू पडला. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ठिपका एकदम दीड सेंटिमीटर पुढे सापडला. पायाच्या कडेला लाल ठिपक्यांची रांग, आंघोळीत पुसट व्हायची, मी परत गिरवायचे. वर्गातल्या एका कारट्याने विचारलंच, बाई तुमच्या पायाला गोवर झालाय का.

शाळेत मी जुलैच्या शेवटी रुजू झाले, रजा वाढवून वाढवून. बूट गेला होता, चालणं सावकाश पण बरं. अडचण आली ती चालण्यात नाही, बसण्यात. आपण मांडी घातली की बाहेरचा घोटा आणि पावलाची बाहेरची कड सरळ फरशीवर टेकते, म्हणजे बरोबर सुरल नर्व्हवर अख्खं वजन. विदेशी पत्रकांत ह्याबद्दल एक ओळ नसते कारण तिकडे कोण जमिनीवर बसतंय. पोरांबरोबर गोलात बसायची माझी सवय, पहिल्या दिवशी बसले आणि उठताना डोळ्यांत पाणी. मग फोमची जाड चकती, मधे व्रणाएवढं भोक पाडलेली, घोट्याखाली. घरी देवापुढे पाटावर बसणं बंद, स्टूल. मोजे उलटे घालायचे, शिवण आत लागते म्हणून. शूजची मागची कडक कड व्रणावर घासायची, मोच्याकडून तेवढी कापून आत मऊ चामडं लावून घेतलं, साठ रुपये, इतक्या खर्चात सगळ्यात उपयोगी.

१५ ऑगस्टला ऑपरेशनला बरोबर चौदा आठवडे. ध्वजवंदन, भाषणं, प्रभातफेरी, दोन तास उभी, त्यात नवे काळे शूज कारण जुने वाईट दिसतात. माझाच हट्ट. त्या रात्री पुन्हा मे महिना. पंखासुद्धा सोसेना, आंब्याची पेटी माळ्यावरून खाली. मला वाटलं सगळं गेलं. फिजिओला फोन केला तर ती शांत, म्हणाली टेंडन ओढलं गेल्यासारखं दुखतंय का, ताकद कमी झालीय का, सूज वाढलीय का? नाही. मग नस चिडलीय, फाटलेलं काही नाही, दोन दिवस कमी करा पण बंद करू नका. आणि तिने एक हिशोब दिला जो मी अजून वापरते, काही जास्त केलं आणि त्याने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं तर तेवढं चालतं, नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं. त्यावेळी मूळ पातळीवर यायला पाच दिवस लागले. गणपतीत आरतीला मी खुर्चीवर बसले, लोकांनी बघितलं, बघू दे.

सप्टेंबरअखेर प्रीगाबालिन उतरवत उतरवत बंद. अजिंक्यतारा अजून पूर्ण नाही, अर्ध्यापर्यंत जाते, डांबरी रस्त्याने, हातात काठी.

आजची स्थिती म्हणाल तर टेंडनची ताकद डाव्याच्या जवळपास, एका पायावर उभं राहणं वीस सेकंद. भगभग गेली. सणक आठवड्यातून एखादी, थंडीच्या पहाटे. घोंगडं दसऱ्याला जमलं, दोन मिनिटं, तोंड वाकडं करून. ठिपक्यांची रांग करंगळीच्या मुळाशी येऊन थांबलीय आणि त्यापुढे बाहेरच्या कडेला बोटभर जागा बधिर ती बधिरच. नरकचतुर्दशीला सासूबाई म्हणाल्या, बस, ह्या वर्षी तुझ्या पायाला मी उटणं लावते. चांगलं खरखरीत, घरी केलेलं. घोट्यावर लावलं, व्रणावर लावलं, मी काही बोलले नाही. करंगळीपाशी त्या घासत होत्या आणि मी विचारलं, "आई, झालं का तिथलं?" तर म्हणाल्या, "अगं, मघापासून तिथंच घासतेय."

पेटीत आता कांदे ठेवलेत.